सख्खे, सावत्र की मावस?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक येशूची ओळख पटवतात ती त्याच्या शिकवणीवरून नव्हे, तर त्याच्या गोतावळ्यावरून. हा तो सुतारच ना, मरियेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ, आणि याच्या बहिणी इथे आपल्यातच आहेत ना, असे ते एकमेकांना विचारतात. चार भावांची नावे येतात. बहिणींची नावे सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही, आणि ते वाक्य वाचताना दर वेळी मला त्याची चुटपुट लागते. पण मराठी घरात वाढलेल्या वाचकाच्या मनात त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो. भाऊ म्हणजे कोणते? सख्खे, सावत्र, की चुलत-मावस? वाटणीपासून सुतकापर्यंत आपल्याकडे कितीतरी गोष्टी या एका विशेषणावर ठरत आल्या आहेत, आणि तरीही रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यांना नुसते ‘भाऊ’ म्हणतो. ख्रिस्ती जगात हा वाद चौथ्या शतकात पेटला तो अजून विझलेला नाही, आणि परंपरेने दिलेली त्याची तीन उत्तरे नेमकी आपल्या या तीन शब्दांत बसतात.

माझा जन्म अहमदनगरच्या प्रॉटेस्टंट घरातला. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरमध्ये जे काम सुरू केले, त्याच्या छायेत आमच्या चार पिढ्या वाढल्या. आजोबा पाळक होते, आणि त्यांच्या टेबलावर पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकमधून केलेले बायबलचे मराठी भाषांतर असे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे, कुमारी मरियेच्या नावाने चालणाऱ्या भगिनीसंघाच्या आश्रयात झाला, आणि तरीही त्या भगिनींनी सांगितलेले प्रत्येक मत स्वतः शास्त्रात पडताळून पाहिल्यावाचून त्यांनी स्वीकारले नाही. आजोबांना त्यांचा हा बाणा फार प्रिय होता. ‘कुठे लिहिले आहे ते दाखव’ हे वाक्य आमच्या घरात प्रार्थनेइतकेच वेळा ऐकू येई. येशूला धाकटी सख्खी भावंडे होती, हे आम्ही पोरे इतक्या सहज धरून चाललो होतो की त्यात शंकेला जागा आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

लग्न होऊन मी वसईच्या कॅथलिक घरात आले. पहिल्या काही महिन्यांतल्या एका रविवारी मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, आरंभी सगळ्यांनी मिळून म्हणावयाची पापकबुलीची प्रार्थना मीही म्हणू लागले, आणि ज्या ठिकाणी मरियेला ‘सदैव कुमारी’ म्हटले जाते त्या ठिकाणी माझी जीभ थांबली. शेजारी सासूबाई होत्या. त्यांच्या लक्षात आले असावे, पण त्या काही बोलल्या नाहीत. पुढची अनेक वर्षे त्या एका शब्दापाशी मी गप्प राहत आले, आणि त्या गप्प राहण्याचे कारण नीट समजून घ्यावे म्हणून वाचत गेले.

प्रथम एक गोंधळ बाजूला करायला हवा. येशू कुमारीच्या पोटी जन्मला, हे प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, आहे आणि ते माझे माहेर व सासर दोघेही एकाच स्वरात म्हणतात. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटी पापदोषावाचून गर्भात आली, ही कॅथलिक पंथाची निराळी शिकवण आहे. आपला विषय तिसराच आहे: मरिया येशूच्या जन्माआधी कुमारी होती, जन्माच्या वेळीही राहिली आणि जन्मानंतर अखेरपर्यंत राहिली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चित्रांत तिच्या शिरोवस्त्रावर कपाळापाशी एक आणि दोन खांद्यांवर दोन अशा तीन चांदण्या असतात, त्या याच तीन काळांच्या खुणा होत. 553 साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने तिला ‘सदाकुमारी’ म्हटले, आणि 649 च्या लॅटरन परिषदेने ही तिहेरी श्रद्धा स्पष्ट शब्दांत मांडली.

आता ‘कुठे लिहिले आहे’ हा आजोबांचा प्रश्न. मत्तयाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीत म्हटले आहे की मुलगा होईपर्यंत मरियेचा पती योसेफ याने तिच्याशी संबंध ठेवला नाही. या ‘पर्यंत’वर किती शाई सांडली असेल याची गणती नाही. पाऊस थांबेपर्यंत बाहेर पडू नकोस, असे आई म्हणते तेव्हा पाऊस थांबल्यावर बाहेर पडायची मुभा त्यातच आलेली असते. पण तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, असे म्हणणारा माणूस मेल्यावर विसरण्याचा बेत सांगत नसतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाची बायको मीखल हिला मरणाच्या दिवसापर्यंत मूल झाले नाही असे वाक्य आहे, आणि तिथे कुणाला घोटाळा होत नाही. म्हणजे मराठीत काय, हिब्रूत काय किंवा ग्रीकमध्ये काय, हा शब्द दोन्ही बाजूंना वळतो. मत्तयाला त्या ओळीत एवढेच सांगायचे होते की हे मूल योसेफाचे नव्हे. पुढच्या संसाराबद्दल त्याने होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. लूकने येशूला मरियेचा ‘प्रथमपुत्र’ म्हटले आहे, त्याचीही गत तीच. बाई पहिलटकरीण आहे म्हणून तिला पुढे दुसरे मूल होतेच असे नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्रात पहिल्या मुलाला देवासाठी वेगळे काढायचे ते पाठचे भावंड येण्याची वाट न पाहता.

शब्दाने निकाल लागत नाही म्हटल्यावर लोक कथेकडे वळले. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास याकोबाच्या नावावर एक पुस्तक लिहिले गेले. त्यात मरियेचे आईबाप योआकीम आणि अ‍ॅना भेटतात, लहानगी मरिया मंदिरात वाढते, आणि योसेफ हा मुलेबाळे असलेला वयस्क विधुर असतो, जो तिला बायको म्हणून नव्हे तर जवळजवळ पालक म्हणून घरी आणतो. या हिशेबाने याकोब आणि त्याची भावंडे येशूची सावत्र ठरतात. हे पुस्तक बायबलात आले नाही, आणि माझ्या माहेरी त्याचे नाव निघाले असते तर ते हातात धरण्यासारखे नाही असेच सांगितले असते. पण दर सप्टेंबरात आठ तारखेला मरियेचा जन्मदिवस येतो आणि बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसे मेणबत्त्या घेऊन लोटतात, त्या जन्माची गोष्ट लिखित रूपात सर्वांत आधी सापडते ती याच पुस्तकात. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी सावत्र भावांचे हे उत्तर मनापासून स्वीकारले. चौथ्या शतकात एपिफॅनियस या बिशपने ते ठासून मांडले, आणि आजही ऑर्थोडॉक्स जन्मचित्रात योसेफ पिकल्या दाढीचा, बाळापासून दूर, आपल्याच विचारात बसलेला दिसतो.

त्याच पुस्तकात एक सुईण आहे. बाळंतपण झाल्यावर ती बाहेर येऊन सलोमे नावाच्या बाईला सांगते की कुमारीला मूल झाले आणि ती कुमारीच राहिली. सलोमेचा विश्वास बसत नाही. ती हाताने तपासून पाहायला जाते आणि तिचा हात आगीने जळाल्यासारखा गळून पडू लागतो, पुढे बाळाला उचलून घेतल्यावर तो बरा होतो. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तो माझ्या धाकट्या मुलीच्या जन्मानंतर दोनेक महिन्यांनी, तिला मांडीवर घेऊन, आणि मला तो सहन झाला नाही. बावीस तास कळा सोसलेल्या बाईला, ‘तिच्या अंगाला काहीच झाले नाही’ हे वाक्य स्तुतीसारखे ऐकू येणे अवघड असते. जणू माझ्या अंगाला जे झाले त्यात काही कमीपणा होता. त्या दिवसांत मला आधार वाटला तो टर्टुलियनचा. येशूला खरे शरीरच नव्हते, तो नुसता आभास होता, असे म्हणणाऱ्यांशी तिसऱ्या शतकाच्या आरंभी हा उत्तर आफ्रिकेतला कडवा लेखक भांडत होता. आणि देहाच्या बाजूने भांडताना त्याने मोकळेपणाने लिहिले की मरिया पतीच्या बाबतीत कुमारी होती, पण प्रसूतीच्या बाबतीत नव्हती. त्याला खरे बाळ हवे होते, आणि खऱ्या बाळासाठी खरे बाळंतपण हवे होते. मला आजही वाटते की तिहेरी श्रद्धेतला हा मधला भाग सर्वांत नाजूक आहे. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्यावर लिहिताना शरीराचा तपशील टाळला आणि पुत्राच्या जन्माने आईचे कौमार्य उणे झाले नाही, ते पवित्र झाले, एवढेच म्हटले. त्या संयमाबद्दल मला आदर आहे.

वादाचा खरा भडका उडाला तो रोममध्ये, 380 च्या दशकात. हेल्विडियस नावाच्या माणसाने लिहिले की मरियेला योसेफापासून पुढे मुले झाली, ते येशूचे सख्खे भाऊबहीण, आणि यात तिचा काही कमीपणा नाही, कारण संसारी स्त्रीचा मान कुमारीहून खालचा नव्हे. त्याचे पुस्तक हरवले आहे. आपल्याला ते कळते ते 383 साली जेरोम या विद्वान संन्याशाने त्याच्यावर लिहिलेल्या उत्तरातून, म्हणजे ज्याने त्याला मूर्ख आणि अडाणी ठरवले त्याच्याच तोंडून, आणि अशा साक्षीवर कुणाही माणसाला तोलणे न्यायाचे नाही. जेरोमने सावत्र भावांचे उत्तरही नाकारले. योसेफसुद्धा आजन्म ब्रह्मचारी होता असे त्याने म्हटले आणि तिसरा मार्ग काढला: हे भाऊ मरियेच्या बहिणीची मुले, म्हणजे मावसभाऊ. योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या बायकांत येशूच्या आईची बहीण आणि क्लोपाची मरिया यांचा उल्लेख आहे. जेरोमने त्या दोघी एकच धरल्या. एका घरात दोन सख्ख्या बहिणींचे नाव एकच कसे, ही शंका तेव्हाही होती आणि आताही आहे. पण भावकीतल्या सगळ्यांना भाऊ म्हणण्याची रीत बायबलात आहे, हे त्याचे म्हणणे खरेच आहे, कारण अब्राहाम आपल्या पुतण्याला, लोटाला, भाऊच म्हणतो.

जेरोमच्या त्या पुस्तकात शेवटाकडे एक जागा आहे, जी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तो संसारी बाईचे घर रंगवतो: पोरांची किलबिल, कुणाला तिचा मुका हवा, कुणाला तिच्याकडून काही विचारून घ्यायचे, खर्चाचा हिशेब, स्वयंपाकघरात मांस चिरण्याची धांदल, मागावर बसलेल्यांचा गलबला, नवरा मित्रांना घेऊन आल्याचा निरोप, आणि ती बाई पाकोळीसारखी घरभर भिरभिरत बिछाना नीट आहे ना, फरशी झाडली ना, जेवण तयार आहे ना, ते पाहते आहे. आणि मग तो विचारतो की या सगळ्यात देवाच्या विचाराला जागा कुठे आहे? चित्र इतके अचूक आहे की सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका संन्याशाने माझी संध्याकाळ पाहिली असावी असे वाटते. त्याचा प्रश्न मात्र मला चुकीचा वाटतो, आणि तसे वाटण्याचा मला अधिकार आहे, कारण त्याचे उत्तर मी रोज ऐकत आले आहे. आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ नेमकी अशाच गडबडीत होते. कुकरची शिट्टी होते, कुणाचा फोन वाजतो, धाकटी मध्येच पाणी मागते, सासूबाई एका हाताने मणी पुढे सरकवत दुसऱ्या हाताने तिला पेला देतात आणि प्रार्थनेचा एक शब्दही सुटत नाही. जेरोमने सदाकुमारीची बाजू घेतली म्हणून मी त्याच्यावर रागावलेली नाही; ती बाजू घेताना त्याने घराला देवापासून दूर लोटले, याचे मला वाईट वाटते. आणि पाऊला नावाच्या ज्या बाईवर त्याची सर्वांत जास्त श्रद्धा होती, ती तर पाच मुलांची विधवा आई होती.

इतिहास म्हणून मला विचाराल तर मावसभावांच्या उत्तरापुढे एक मोठी अडचण आहे आणि ती युसेबियस या बिशपने लिहिलेल्या मंडळीच्या इतिहासात जपून ठेवलेल्या हेगेसिपसच्या लेखनात आहे. दुसऱ्या शतकातला हा लेखक याकोबाला प्रभूचा भाऊ म्हणतो, पण त्याच्यानंतर यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झालेल्या शिमोनाला प्रभूचा चुलतभाऊ म्हणतो, कारण त्याचा बाप क्लोपा हा योसेफाचा भाऊ. म्हणजे भाऊ कोण आणि चुलतभाऊ कोण हा फरक त्याला नीट ठाऊक होता. प्रेषित पौल तर याकोबाला यरुशलेमात प्रत्यक्ष भेटला होता आणि गलतीकरांना लिहिताना त्याला तो प्रभूचा भाऊच म्हणतो. चुलतभावासाठी निराळा ग्रीक शब्द आहे, तो कलस्सैकरांच्या पत्रात बर्णबा आणि मार्क यांच्या नात्यासाठी आलाही आहे. हा पुरावा जेरोमच्या विरुद्ध जातो, पण तो सख्खे आणि सावत्र यांतला निवाडा करीत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

हेगेसिपसनेच सांगितलेली दुसरी एक गोष्ट मला या सगळ्या वादाहून प्रिय आहे. देहाच्या नात्याने प्रभूचा भाऊ म्हणवल्या गेलेल्या यहूदाचे नातू दाविदाच्या वंशातले म्हणून सम्राट डोमिशियनपुढे उभे केले गेले. तुमच्याजवळ किती मालमत्ता आहे असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की दोघांत मिळून 9,000 दिनारांची, आणि तीही रोकड नव्हे, तर 39 प्लेथ्रा जमीन, जी ते स्वतः कसतात. मग त्यांनी आपले हात पुढे केले आणि कष्टाने पडलेले घट्टे दाखवले. सम्राटाने त्यांना साधी माणसे म्हणून सोडून दिले. येशूचे हे नातेवाईक सख्खे की सावत्र हे त्या घट्ट्यांवरून कळत नाही, पण ते घराणे कसे जगत होते ते कळते.

माझ्या माहेरच्या ठामपणाला सर्वांत मोठा धक्का मात्र प्रॉटेस्टंट पुस्तकांनीच दिला. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथाची पायाभरणी करणाऱ्यांपैकी लूथरने सदाकुमारीची श्रद्धा आयुष्यभर सोडली नाही. झ्विंग्लीनेही ती जपली. 1566 च्या दुसऱ्या स्विस मतांगीकारात मरियेला ‘सदाकुमारी’ असेच म्हटले आहे. त्यांच्यातलाच कॅल्विन अधिक सावध होता. मत्तयाच्या त्या ओळीवरून जन्मानंतर काय झाले याचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, आणि वादाची हौस असल्याखेरीज कुणी हा मुद्दा ताणणार नाही, असे त्याने 1555 मध्ये लिहिले. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने 1749 साली एका रोमन कॅथलिक माणसास लिहिलेल्या पत्रात मरिया पुढेही निष्कलंक कुमारीच राहिली असे आपले मत नोंदवले आहे. म्हणजे आजोबांनी ज्या गोष्टीला आमच्या पंथाची साधी समज मानले, ती पंथाच्या पहिल्या पिढीची समज नव्हतीच. शास्त्राकडे इतिहासाच्या नजरेने पाहण्याची रीत रुळल्यावर ती पसरली. आजोबा हयात असते तर मी त्यांच्यापुढे हे ठेवले असते, आणि मला खात्री आहे की त्यांनी चष्मा लावून विचारले असते, कुठे लिहिले आहे ते दाखव.

एकदा जपमाळ संपल्यावर मी सासूबाईंना सरळच विचारले, “आई, तिला आणखी मुले झाली असती तर काय बिघडले असते?” त्या बराच वेळ मणी बोटांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, “बिघडले काहीच नसते ग. पण ज्या ओटीत देव राहून गेला, ती ओटी भरलेलीच होती.” चौथ्या शतकातल्या बिशप अँब्रोजने यहेज्केलाच्या पुस्तकाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातला, परमेश्वर आत गेला म्हणून बंद ठेवलेला दरवाजा मरियेला लावून दाखवला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या शब्दांत स्वतःच शोधले होते. मग त्यांनी मला उलट विचारले, “पोटचे चार मुलगे होते, तर मरताना त्याने आईला त्या शिष्याच्या हवाली का केले?” हा योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला प्रसंग, आणि सदाकुमारीच्या बाजूने मला सर्वांत जड वाटणारा युक्तिवाद हाच आहे. आई कुणाकडे राहायची हे आपल्या घरांतही किती दुखऱ्या जागेवरचे असते ते सांगायला नको. मी म्हटले की योहानच सांगतो, तोवर त्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आई अशा घरी जावी जिथे तिच्या दुःखाचा अर्थ कळेल, असे त्याला वाटले असेल. सासूबाईंनी मान हलवली, पटल्याची नव्हे, ऐकून घेतल्याची.

माझे मत आजही फारसे बदललेले नाही. ते भाऊ सख्खे असावेत असे मला वाटते, सावत्र असू शकतात हे मी मान्य करते, आणि कुणाच्याही तारणाचा प्रश्न यावर लटकवू नये असे मला मनापासून वाटते. पण जे सदाकुमारी म्हणतात ते सगळे संसाराला हीन लेखतात, हा जो समज मी नगरहून गाठोड्यात बांधून आणला होता, तो या घराने सोडवून घेतला आहे.

रविवारी मिस्सेत ती प्रार्थना आली की मी अजूनही त्या एका शब्दापाशी थांबते. सासूबाई तो शब्द माझ्याही वाटचा म्हणावा इतक्या स्पष्टपणे म्हणतात. त्याच वाक्यात मरियेनंतर देवदूत येतात, संत येतात, आणि मग चर्चमध्ये जमलेल्या सगळ्यांना उद्देशून ‘माझ्या बंधुभगिनींनो, माझ्यासाठी विनंती करा’ असे येते. तिथे मी पुन्हा त्यांच्या स्वरात स्वर मिळवते. त्या ओळीतले भाऊ कोणते, सख्खे की सावत्र, हे आजवर आमच्यापैकी कुणी विचारलेले नाही.